आखाजी ते एक तारीख

(दृश्य : अमळनेर तालुक्यातील एका घराचा ओटा. सकाळ. उघडी वही.)

ओट्यावर उघडी पडलेली ही वही या घराची बँक आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. डाव्या पानावर कापूसविक्रीच्या पट्ट्यांचे, म्हणजे पावत्यांचे, आकडे आहेत आणि उजव्या पानावर बियाणे, खत, फवारणी आणि सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याने, वेळोवेळी घेतलेली उचल. या घरात पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. दिवाळीच्या मागेपुढे कापूस विकला जातो, त्यातून किराणा दुकानाची उधारी फिटते, मार्चअखेर भरायच्या पीककर्जासाठी रक्कम बाजूला काढली जाते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचा हिशोब मिटवून पुढचे साल ठरते. ते किती रुपयांचे, धान्य किती, उचल किती, खाडे कसे कापायचे, हे सगळे बोलून ठरते. ती पद्धत न्यायाची होती असा आमचा दावा नाही. पण ठरलेली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांतला फरक तिच्यात दोन्ही बाजूंना तोंडपाठ असे.

वहीच्या शेवटच्या पानावर मात्र एक नवा आकडा लिहिलेला दिसतो : २५,०००. घरातला मोठा मुलगा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला पुण्यातील एका कंपनीचे नेमणूकपत्र आले आहे, आणि 'पगार कितला शे?' या वडिलांच्या प्रश्नाला त्याने 'तीन लाखांचं पॅकेज' असे उत्तर दिले आहे. वडिलांनी बाराने भागले आणि आकडा लिहून ठेवला. हा आकडा चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे या मुलाला पंधरा वर्षांच्या शिक्षणात कोणी सांगितले नव्हते.

(दृश्य : महाविद्यालयाची वर्गखोली. शनिवार दुपार. फळा.)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, ते १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. त्यांपैकीच एका महाविद्यालयात शनिवारी दुपारी हा तास भरतो. तो वेळापत्रकात नाही, त्याला गुण नाहीत आणि हजेरीही घेतली जात नाही, तरी मागच्या बाकापर्यंत मुले बसलेली दिसतात. शिकवणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी फळ्यावर नमुन्याची पगारपावती काढली आहे, आणि पुढची काही मिनिटे आपण तिच्याकडेच पाहणार आहोत.

वर्षाला ३,००,००० म्हणजे महिन्याला २५,०००. यात मूळ वेतन १२,५०० धरले आहे. भविष्य निर्वाह निधीत मूळ वेतनाच्या १२ टक्के कंपनीने भरायचे असतात; ते १,५०० रुपये कंपनीने या पंचवीस हजारांतच मोजलेले आहेत. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ६०१ रुपये, तीही आतच. राहिले २२,८९९, आणि पावतीवर एकूण वेतन म्हणून छापला जातो तो हा आकडा. आता यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १२ टक्के, म्हणजे आणखी १,५०० जातात आणि महाराष्ट्र शासनाचा व्यवसायकर २०० रुपये जातो. खात्यावर येतात २१,१९९. फेब्रुवारीत व्यवसायकर ३०० रुपये कापला जातो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी येतात. दुसऱ्या रांगेतली विद्यार्थिनी इथे हात वर करते, कारण महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर नाही हे तिने कुठेतरी वाचले आहे. ते बरोबर आहे. त्याच कंपनीत, त्याच पदावर, तिच्या हाती दोनशे रुपये जास्त पडतील, आणि कोणी तिचे ते दोनशे कापलेच तर तिने विचारले पाहिजे.

कापलेले पैसे गेले असे नव्हे. कंपनीच्या वाट्यातून ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, उरलेले ३.६७ टक्के आणि कर्मचाऱ्याचे पूर्ण १२ टक्के त्याच्या खात्यावर साठतात, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला बारा अंकी सार्वत्रिक क्रमांक (यूएएन) असतो. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच ठेवायचा असतो आणि जुने पैसे नव्या खात्यात वळवून घ्यायचे असतात. पहिली नोकरी सुटताच ते काढून घेऊन मोटारसायकल घेणारे पुष्कळ आहेत. निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, हे त्यांना नंतर कळते.

(दृश्य : बाकावर पसरलेले कागद. जवळून.)

हे कागद नीट पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर तिचे नाव आधी आणि आडनाव शेवटी. पॅन कार्डावर वडिलांचे नाव आहे तेही आद्याक्षरापुरते. शिवाय 'चौधरी' हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर 'ए' घालून लिहिले आहे, दुसऱ्यावर 'ओ' घालून. गावात या फरकाने कुणाचे काही अडत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या संगणकाचे मात्र अडते, आणि मग दुरुस्तीसाठी नोकरीच्या गावाहून रजा काढून यावे लागते. म्हणून या तासाला येणारा प्रत्येक जण शेवटच्या परीक्षेआधी सगळे कागद एका ओळीत मांडून नाव अक्षर अक्षर जुळवतो. कंटाळवाणे काम आहे. चित्रीकरणातही ते कंटाळवाणेच दिसते, तरी आम्ही ते कापलेले नाही.

बँक पासबुकाचीही हीच कथा आहे. शिष्यवृत्तीसाठी अकरावीत उघडलेले खाते दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय झालेले असते, आधार भलत्याच बँकेशी जोडलेले असते, आणि पैसे कुठे गेले ते कळत नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन मिळते, तेही थेट आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. ते विद्यावेतन आहे, पगार नव्हे. सुरुवातीला सहा महिन्यांपुरते असलेले हे प्रशिक्षण पुढे वाढवले गेले, तरी त्याला शेवट आहे हे धरूनच घराचे गणित मांडायला हवे.

(दृश्य : अमळनेर शहर. बाजारपेठ.)

अमळनेरमध्ये पैशाचा विषय निघाला की एक गोष्ट निघतेच. १९४५ साली इथे वनस्पती तेलाचा कारखाना उभा राहिला, त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत त्यांची नावे आजही आदराने आणि थोड्या हेव्याने घेतली जातात. त्यामुळे वर्गात पहिला प्रश्न नेहमी शेअरचा असतो. सर तो शेवटी घेतात. आधी घरभाड्याची अनामत, कॉट बेसिसवरील खोलीचे भाडे, खानावळीचा डबा आणि पहिला पगार येईपर्यंतचा दीड महिना, एवढ्याचा हिशोब वहीत मांडून झाला पाहिजे. मग तीन-चार महिन्यांचा खर्च निघेल अशी रक्कम बाजूला. ती ठेवायची कुठे, हाही प्रश्न या भागात साधा नाही, कारण बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, आणि ठेवी अडकलेली घरे शोधायला खानदेशात लांब जावे लागत नाही. सर हे सांगत असताना वर्गात कोणी कुजबुजत नाही.

शैक्षणिक कर्जाची पाटी फळ्यावर त्यानंतर येते. अभ्यासक्रम संपल्यावर सर्वसाधारणपणे एक वर्षाची सवलत मिळते, पण व्याज त्या काळातही चढत राहते. शिकत असतानाच व्याज भरत गेले तर ओझे हलके होते. हप्ते थकले तर सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या वडिलांचाही सिबिल गुणांक, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून पडणारे गुण, घसरतो आणि पुढच्या वेळी बँकेत त्यांनाही प्रश्न विचारले जातात.

(दृश्य : भुसावळ जंक्शन. फलाट. पिशव्या, गाद्यांच्या वळकट्या.)

पुण्याकडे, मुंबईकडे, सुरतेकडे जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात.

(दृश्य : पुन्हा तोच ओटा. संध्याकाळ.)

वहीच्या शेवटच्या पानावरचा २५,००० खोडलेला आहे आणि शेजारी २१,१९९ लिहिलेले आहे. मुलाने पगाराचे सगळे रकाने वडिलांना समजावून सांगितले आहेत आणि वडिलांना ते समजायला वेळ लागलेला नाही, कारण आतून कापून घेतलेली रक्कम हा प्रकार त्यांच्या ओळखीचा आहे. आता ते नेमणूकपत्र हातात घेऊन सालदाराशी बोलतात त्याच स्वरात विचारत आहेत. रुजू होताना कंपनी जे पैसे देणार आहे ते बक्षीस की उचल, म्हणजे वर्षाच्या आत सोडून आलास तर परत मागतील का? सोडायचे झाले तर किती दिवस आधी सांगायचे? आणि खाडे कसे धरतात?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुलाला सांगता येतात. तिसऱ्यासाठी तो पत्राची पाने उलटू लागतो, आणि वडील पेनचे टोपण काढून वाट पाहत बसतात.