मासे आमचे, सही कोणाची?

पहाटेचे साडेपाच वाजलेत, आपण ससून डॉकला आहोत. बोटीतून कोळंबीची टोपली वर भिरकावतात, धक्क्यावरचा माणूस ती हवेतच झेलतो, खारं पाणी सगळ्यांच्या अंगावर. एका तांडेलकाकांना (म्हणजे बोटीच्या कप्तानाला) विचारलं, काका, समुद्रात राज्य कोणाचं? म्हणाले, "बारा मैलांपर्यंत महाराष्ट्र सरकार, पुढे दिल्ली." घटनेतही अशीच वाटणी आहे, आणि मला वाटतं हे एवढं कळलं ना की युरोपियन युनियनबाबत प्रांत आणि केंद्र यांच्यात होणारं भांडण पण कळतं.

आता जाऊ डेन्मार्कच्या ग्रीनलंड बेटावर. १९७२ मध्ये डेन्मार्कने मतदान घेतलं, युरोपच्या सामायिक बाजारात (युरोपियन युनियनचं तेव्हाचं रूप) जायचं का? ग्रीनलंडमधल्या जवळपास ७० टक्के लोकांनी नको म्हटलं, पण मोजणी अख्ख्या डेन्मार्कची एकत्र, त्यामुळे १ जानेवारी १९७३ ला तेही आत ओढले गेले. तिकडे फॅरो बेटं बघा, तीही डेन्मार्कचीच, तेव्हा राणीही तीच, पण त्यांना १९४८ पासून स्वतःचा कारभार होता, आम्ही येत नाही म्हणाले आणि खरंच बाहेर राहिले. फरक फक्त तेवढाच होता हो!

मग ग्रीनलंडच्या पाण्यातल्या मासेमारीचे नियम ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपच्या मुख्यालयात, ठरायला लागले, पश्चिम जर्मनीचे मोठमोठे ट्रॉलर यायचे, आणि गावातला मच्छीमार काठावरून बघतोय. १९७९ ला त्यांना होमरूल मिळालं. टिळकांमुळे हा शब्द आपल्याला घरचाच आहे. तीन वर्षांत त्यांनी स्वतःचं मतदान घेतलं, सुमारे ५३ टक्के म्हणाले बाहेर पडूया, आणि १ फेब्रुवारी १९८५ ला ते बाहेर पडले. लोकसंख्या किती, तर पन्नास हजारांच्या आसपास, मुंबईत एका नगरसेवकाच्या वॉर्डात साधारण एवढी माणसं राहतात. युरोपच्या बोटी तिथे आजही जातात, पण करार करून, पैसे मोजून.

बेल्जियममधल्या वालोनियाने तर २०१६ मध्ये अख्ख्या युरोपचा कॅनडाबरोबरचा व्यापार करार अडवून धरला, कारण त्यांच्या घटनेप्रमाणे प्रांताची संमती नसेल तर केंद्राला सहीच करता येत नव्हती. शेतकऱ्यांचं काय, परदेशी कंपन्यांनी सरकारवर दावे लावले तर काय, असे त्यांचे प्रश्न होते. कॅनडाच्या पंतप्रधानांचा दौरा लांबला, उत्तरं लेखी मिळाली, मगच ३० ऑक्टोबरला सही झाली.

पण ब्रिटनमधल्या स्कॉटलंडची गोष्ट ऐकताना मला खरंच वाईट वाटतं. १९९९ पासून स्वतःचं पार्लमेंट आहे, शेती, मासेमारी त्यांच्याकडे, पण परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानात, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं का या मतदानात, तिथे ६२ टक्के लोक युरोपात राहू म्हणाले (तिथल्या बऱ्याच मच्छीमारांना मात्र बाहेरच पडायचं होतं, हेही सांगायला हवं). लंडनच्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं, प्रांतांची संमती घ्यायची प्रथा आहे, पण ती कायद्याने बंधनकारक नाही. मे २०१८ मध्ये एडिनबर्गच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, पार्लमेंटने ब्रेक्झिटच्या विधेयकाला ९३ विरुद्ध ३० मतांनी संमती नाकारली. पुढच्याच महिन्यात लंडनने त्याचा कायदा केला.