कारवीची भिंत आणि शेणाचा काला

भिंत लिंपायला थापी नाही, ओळंबा नाही, नुसता हात. जव्हारकडच्या पाड्यावरचं हे वारली घर, भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या आणि त्यांना बांधलेल्या बांबूच्या आडव्या कामट्या. घरच्या मावशी काल्याचा, म्हणजे शेणमातीच्या चिखलाचा, गोळा घेतात, थापतात, तळहाताने दाबतात. बघा, काठ्यांच्या फटीतून काला पलीकडे फुगून येतो आणि पलीकडे उभी असलेली सून तो तसाच ओल्या हाताने पसरवत जाते. दोन्ही बाजूंनी माती एकमेकींना धरते आणि काठ्या मधे अडकून राहतात.

हा काला एका दिवसात होत नाही. खड्ड्यात माती, भाताचं तूस, बारीक तोडलेला पेंढा आणि ताजं शेण. पाणी एकदम नाही ओतायचं, तुडवत तुडवत थोडं थोडं, आणि मग झाकून मुरू द्यायचं, चांगला आंबूस वास येईपर्यंत. नाक मुरडू नका, आंबलं की चिकटपणा येतो.

शेणच का? माती वाळताना आकसते आणि आकसली की भेगा पडतात. शेणात गवताचे न पचलेले धागे असतात, गुराने चावून चावून इतके बारीक केलेले की विळ्याने आपल्याला ते जमणारच नाही, हे धागे माती आतून धरून ठेवतात, शिवाय शेण असलं की ओलीने लिंपण लवकर विरघळत नाही. म्हणून शेवटच्या हाताला, म्हणजे वरच्या थराला, माती चाळून घेतात आणि शेण जास्त घालतात. अशा भिंतीवर बोटांचे अर्धगोल दिसतात ना, तो हाच थर.

त्यावर गेरू, आणि गेरूवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात काढतात ते चौकोनी चित्र. जगभर गाजलेली वारली चित्रकला मुळात अशा भिंतीवरची. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी ही चित्रं कागदा-कापडावर नेली तेव्हा खालचा शेणाचा थरही सोबत नेला.

आता गुरं कमी झालीत, पक्की घरकुलं आलीत, सिमेंटवर हे लिंपण नीट धरत नाही.

चित्र काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात असतं, भिंत लिंपणारीचं कुठेच नसतं. तिलाही कारागीर म्हणा, आणि रिसॉर्टच्या मातीच्या खोल्या लिंपायला बोलावता तेव्हा मजुरी कारागिराची द्या, रोजंदारीची नको.