भिंतीतला माणूस

(काळा पडदा. दूरवर यांत्रिक करवतीचा आवाज. जवळून कुजबुज, खिदळणं.)

रांग तासभर मुंगीच्या पावलांनी सरकतेय. पुढे सहा जणांचा घोळका आहे. त्यातला जो सगळ्यात मोठ्यानं "यात काय घाबरायचंय?" म्हणत होता, त्यालाच बाकीच्यांनी पुढे उभं केलंय. आता तो सारखा मान वळवून मागे बघतोय. दारावरच्या माणसानं हात आडवा धरलाय. आतून कोणीतरी जिवाच्या आकांतानं किंचाळतं. हात बाजूला होतो.

(दार. अंधार. शीर्षक.)

ऑक्टोबरातली रात्र. फ्लोरिडातलं ऑरलँडो. युनिव्हर्सल स्टुडिओजच्या या पार्कात दिवसा फिरणाऱ्यांचं तिकीट संध्याकाळी संपतं. रात्रीचं तिकीट वेगळं, आणि रात्रीचं पार्कही वेगळं. रस्त्यांवर धूर सोडलेला असतो आणि धुरातून काय येईल याचा नेम नसतो. या रस्त्यांना म्हणायचं स्केअर झोन. पण लोक खरे येतात ते हॉन्टेड हाउससाठी, म्हणजे पायी चालत जायच्या भुतांच्या घरांसाठी. चित्रीकरणाच्या प्रचंड शेडमध्ये किंवा तात्पुरत्या तंबूंमध्ये उभारलेली ही घरं असतात. अलीकडे एका मोसमात साधारण दहा. मोसम संपला की पाडायची, पुढच्या वर्षी नवी बांधायची.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. हॅलोविन म्हणजे ऑक्टोबरअखेरचा, सोंग घेण्याचा सण, पण इथे येताना पाहुण्यांना सोंग आणि मुखवट्याला सक्त मनाई. कारण साधं आहे. अंधारात भूत कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे निदान भुतांना तरी कळायला हवं.

(जुनी छायाचित्रं: लाकडी फळ्यांची दुकानं, घोडागाडी, धुळीचा रस्ता.)

थीम पार्कातल्या या रात्रींची सुरुवात मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला झाली. कॅलिफोर्नियात, ब्युएना पार्कच्या नॉट्स बेरी फार्ममध्ये. नावाप्रमाणे ते आधी खरोखरच बेरीचं शेत होतं. वॉल्टर नॉट यांच्या घरचं चिकनचं जेवण इतकं गाजलं, की बाहेर लांबच लांब रांगा लागायला लागल्या. ताटकळणाऱ्या लोकांचं मन रमावं म्हणून त्यांनी 1940 मध्ये खाणकामगारांच्या ओसाड गावाची प्रतिकृती उभारायला घेतली. नाव ठेवलं घोस्ट टाउन. त्यात भूत एकही नव्हतं. भुतं आली 33 वर्षांनी. 1973 च्या ऑक्टोबरात पार्कानं हॅलोविनच्या तीन रात्री ठेवल्या, कर्मचाऱ्यांना राक्षसांचे कपडे चढवले, खाणीतून जाणाऱ्या राइडमध्ये अंधारात माणसं लपवली. आज तोच उत्सव नॉट्स स्केरी फार्म म्हणून अनेक आठवडे चालतो. गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातूच्या पट्ट्या लावून, धावत येऊन, ठिणग्या उडवत तुमच्या पायांशी घसरत येणारे स्लायडर ही त्याची ओळख.

ऑरलँडोत 1991 मध्ये पहिल्यांदा असाच प्रयोग झाला. नाव होतं फ्राइट नाइट्स. रात्री तीन, घर एक. पुढच्याच वर्षी नाव बदलून हॅलोविन हॉरर नाइट्स झालं.

इतिहास एवढा पुरे. आपल्याला त्या दारातून आत जायचंय.

(कॅमेरा आत. प्रखर पांढरा दिवा, मग एकदम काळोख.)

पहिली खोली उजळ आहे. जास्तच उजळ. भिंतीवर तसबिरी, टेबलावर मांडलेली ताटं, कोपऱ्यात खुर्ची. तुम्ही सगळं बघून घेता, मनात म्हणता, इथे कोणी नाही. मग वळण येतं, आणि पुढची बोळकांडी काळीकुट्ट.

हा योगायोग नाही. माणसाच्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. असं घर चालून संपतं जेमतेम पाच मिनिटांत. म्हणजे सवय व्हायला वेळ मिळतच नाही, आणि थोडीफार व्हायला लागलीच, तर पुढच्या वळणावर एखादा दिवा डोळ्यांवर मारून ती पुसून टाकलेली असते. तुम्ही सबंध घर जवळजवळ आंधळ्यासारखं पार करता.

भिंतीच्या पलीकडे मात्र एक माणूस उभा आहे. संध्याकाळपासून अंधारातच उभा आहे. त्याचे डोळे सरावलेत. तुम्हाला तो दिसत नाही, त्याला तुम्ही दिसता. कोण भिंतीला चिकटून चालतंय, कोणी डोळे मिटलेत, कोण मोबाइल खिशात चाचपतंय. असल्या घरात हजारो रुपयांची नाही, लाखो डॉलरची सजावट असली, तरी सगळा खेळ या एका असमान करारावर उभा असतो.

(जवळून: काळ्या कापडाची चौकट. त्यामागे बोटं.)

आता जवळून पाहू. ही त्याची जागा. धंद्यात याला म्हणतात बू होल. भिंतीत साधारण खांद्याच्या उंचीवर एक खिडकी, तिच्यावर सरकती फळी. फळीवर बाहेरून चित्र रंगवलेलं, म्हणजे तुमच्या बाजूनं ती तसबीरच. आत जेमतेम माणूस मावेल एवढा कोनाडा. पायाशी एक पेडल. जमिनीवर चिकटपट्टीची खूण. तुम्ही त्या खुणेवर पाय ठेवला की तो पेडल दाबतो. त्याच क्षणी डोक्यावरचा दिवा भगभगतो, स्पीकर कडाडतो, फळी धाडकन खाली जाते आणि तसबिरीच्या जागी त्याचं तोंड येतं. दीड सेकंद. फळी परत वर. तुमचा पाय अजून हवेतच असतो.

दाराआड लपून "भॉक!" करणाऱ्या लहान मुलाचंच हे काम. फरक एवढाच, की ते मूल हसू दाबता न आल्यानं पकडलं जातं, आणि याला एका रात्रीत शेकडो वेळा तोच क्षण त्याच ताज्या दमानं करायचा असतो.

दचकणं ही शरीराची फार जुनी तजवीज आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान खांद्यांत जाते, हात आपोआप छातीशी येतात. पापणीला तर सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, तिकीट खिशात असतं, पण ती बातमी मेंदूच्या वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत खालच्या मजल्यावर पळापळ होऊन गेलेली असते.

फक्त दचकवायला मात्र कोणीही दचकवील. कसब आहे ते नजर भलतीकडे खेचण्यात. छताला काहीतरी टांगलेलं हलतं. तुम्ही वर बघता. तो उजवीकडून येतो. कोपऱ्यात पांढरी चादर घातलेला पुतळा उभा आहे. दहा पावलं तुम्ही त्याच्यावर नजर रोखून चालता, हा हलणार, हा हलणार. तो हलतच नाही. तो खरोखर पुतळाच आहे. त्याच्या शेजारची भिंत हलते.

आणखी एक नियम, जो बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो: माणसांना पुढच्या दिशेनं घाबरवायचं. समोरून अडवलं तर घोळका मागे उसळतो, मागचे त्यावर आदळतात आणि रांग तुंबते. बाजूनं किंवा मागून आलात, तर लोक स्वतःच्या पायांनी पुढच्या खोलीत जातात. तासाला किती माणसं बाहेर पडतात याचा हिशेब व्यवस्थापनाला ठेवावाच लागतो. भीतीलासुद्धा इथे वाहतुकीचे नियम आहेत.

आणि याच हिशेबापायी घराचं सगळ्यात मोठं नुकसान होतं, हेही सांगायला हवं. गर्दीच्या रात्री घोळके वेगळे सोडायला फुरसत नसते. माणसामागे माणूस, सलग साखळी. मग तुमच्या पुढचा दचकतो, ते तुम्हाला दिसतं, आणि तुमच्या वाट्याला येते ती नुसती बंद होणारी फळी. शनिवारी रात्री दोन तास उभं राहून चार मिनिटं दुसऱ्यांच्या पाठी बघून आलेले लोक कमी नाहीत. रांग टाळायचा पास मिळतो, त्याचे पैसे वेगळे. पण त्या पासानं बाहेरची रांग टळते, आतली नाही.

(संगीत बदलतं. काच, मेणबत्त्या, विरळ होत जाणारी आकृती.)

सगळी भुतं अंगावर येत नाहीत. काही नुसती दिसतात. 1862 मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर एक भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची. प्रेक्षक आणि मंच यांच्यामध्ये मोठी काच तिरकी लावायची. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी खाली दुसरा नट उभा करायचा. त्याच्यावर प्रकाश टाकला की काचेत त्याचं प्रतिबिंब उमटतं, आणि मंचावरच्या नटाशेजारी आरपार दिसणारा माणूस उभा राहतो. प्रकाश मंद करा, तो विरघळतो. नाव मात्र पेपर यांचंच राहिलं: पेपर्स घोस्ट.

कॅलिफोर्नियात डिस्नेलँडचा हॉन्टेड मॅन्शन 1969 मध्ये सुरू झाला. त्यातल्या मेजवानीच्या दालनात नाचणारी भुतं याच जुन्या युक्तीची आहेत, फक्त काच अवाढव्य. तिथे तुम्ही गाडीत बसून जाता आणि भुतं आपल्या नाचात दंग असतात. सुंदर आहे, वादच नाही. पण अंगावर काटा येत नाही, कारण त्यातलं एकही भूत तुमच्याकडे बघत नसतं. मला विचाराल तर महागड्या यंत्रांचंही तेच. यंत्राचा राक्षस दर वीस सेकंदांनी डरकाळी फोडणार, समोर कोणी असो वा नसो. फळीमागचा माणूस तुमची वाट बघतो.

(शांतता. निवेदकाचा आवाज खाली.)

11 मे 1984. न्यू जर्सीतलं सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर. तिथला हॉन्टेड कासल म्हणजे एकमेकांना जोडलेले ट्रकचे ट्रेलर. आत नागमोडी अंधाऱ्या वाटा, भिंतींना फोम. आग लागली तेव्हा पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आठ किशोरवयीन मुलं आत मरण पावली. धूर, ज्वाळा, किंकाळ्या हे सगळं जिथे खेळातलंच वाटावं, तिथे खरी आग कोणी कशी ओळखायची?

त्यानंतर अमेरिकेत अशा जागांचे नियम कडक झाले. स्प्रिंकलर आले. धोक्याची सूचना मिळताच आवाज आपोआप बंद आणि दिवे पूर्ण चालू, अशी व्यवस्था आली. म्हणून आजच्या कुठल्याही चांगल्या घरात, त्या रक्ताळलेल्या भिंतीवर, सगळी वातावरणनिर्मिती बिघडवत, बाहेर जायच्या दाराची एक दिवा लावलेली पाटी असते. ती खटकते. खटकू दे.

(पुन्हा रांग. चेहरे.)

एवढं करून लोक येतात कशाला? डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजायचं ठरवलं. 2020 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 110 जणांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणं लावून त्यांना एका हॉन्टेड हाउसमध्ये सोडलं. सगळ्यात जास्त घाबरलेल्यांना सगळ्यात जास्त मजा आली, असं निघालं नाही. अगदीच कमी घाबरलेले कंटाळले, फार घाबरलेल्यांनाही मजा आली नाही. मजा मधल्या पट्ट्यात.

फळीमागच्या माणसाला हा आलेख कोणी दाखवायची गरज नसते. पार्कांचा साधारण नियम आहे की तो तुम्हाला हात लावणार नाही आणि तुम्ही त्याला लावायचा नाही. त्यामुळे त्याच्याकडे उरतं ते अंतर आणि वेळ. बढाया मारणाऱ्याला तो अगदी कानाशी गाठतो. आईच्या कमरेला मिठी मारून चाललेली, आधीच रडवेली पोर दिसली, तर कित्येकदा फळी बंदच राहते. युनिव्हर्सल तर 13 वर्षांखालच्या मुलांना आणू नका, असं आधीच बजावतं. तरी लोक आणतात.

(शेवटची खोली. बाहेरचा उजेड दिसतो.)

सुटलो, असं वाटायला लावणारी ही शेवटची जागा. गार हवा, रस्त्यावरचे दिवे. खांदे सैल होतात. आणि तिथेच पाठीमागून ती करवत सुरू होते. तिची साखळी काढून टाकलेली असते, पात्याला धार नसते. पण इंजिन खरं असतं, आणि पेट्रोलचा वास खरा असतो. तो वास आला की पाय विचारत नाहीत.

सहाच्या सहा जण पळत बाहेर येतात. मग गुडघ्यांवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. "यात काय घाबरायचंय?" म्हणणाऱ्याचा एक बूट आतच राहिलाय.

(आत. फळीच्या मागची बाजू.)

भिंतीच्या या बाजूनं सगळं कच्चं प्लायवूड. त्यावर मार्करनं लिहिलेला आकडा, खिळ्याला अडकवलेली पाण्याची बाटली, कोपऱ्यात छोटा पंखा. बदली माणूस येतो, खांद्यावर थाप मारतो. पहिला बाहेर पडतो, घशात गोळी टाकतो, रबराचा मुखवटा कपाळावर सरकवून घाम पुसतो. दुसरा कोनाड्यात शिरतो, पेडल कुठे आहे ते पायानं चाचपतो.

बोळातून कुजबुज ऐकू येते. चार जण असावेत. शेवटचा उगाच जोरजोरात बोलतोय.

तो फळीवर हात ठेवतो.

(काळा पडदा.)