९० व्होल्टची गिटार

हेडफोन लावा आणि व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम सुरू करा. आता उजवा कान मोकळा करा. डाव्या कानात राहते ती नुसती गिटार, कोरडी, अंगावर येणारी. मग डावा मोकळा करा. उजवीकडे तिचीच आस, रिव्हर्बमधून, म्हणजे घुमाऱ्यातून, फिरून आलेली. हा सूर घडवायला निघालेले बरेच जण आवाज बदलणारी पेडल गोळा करतात आणि ही डाव्या-उजव्याची वाटणी विसरतात.

अल्बम आला फेब्रुवारी १९७८ मध्ये. हॉलिवूडचा सनसेट साउंड स्टुडिओ, निर्माते टेड टेम्पलमन, ध्वनिमुद्रक डॉन लँडी. बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलन तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता.

त्याचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, होता १०० वॉटचा मार्शल सुपर लीड. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, हा अँप खुलतो तो नॉब शेवटपर्यंत फिरवल्यावरच. पॉवर व्हॉल्व्ह ताणले जातात आणि आवाज सुरेख फाटतो. पण छोट्या क्लबात तेवढा दणका कोण सोसणार? एडीने अँप आणि भिंतीतला प्लग यांच्यामध्ये व्हेरिअ‍ॅक जोडला. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये असतो तो डिमरस्टॅट. वरची मूठ फिरवायची, व्होल्टेज कमी-जास्त होतं. अमेरिकेतले १२० व्होल्ट त्याने ९० च्या आसपास उतरवले. नॉब होते तिथेच राहिले आणि दणका आवरला. शिवाय तारा छेडायच्या पिकचा घाव बसताच सूर क्षणभर दबतो, मग फुलतो. माझ्या मते या टोनचा जीव त्या दबण्यात आहे.

सुरुवातीच्या मुलाखतींत मात्र एडी व्होल्टेज वाढवतो असं सांगायचा. तसं चुकूनही करू नका; व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातील.

गिटार त्याने स्वतः जुळवलेली. फेंडरच्या स्ट्रॅट गिटारच्या घाटाची बॉडी आणि ब्रिजपाशी, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, गिब्सनचा एकच हंबकर, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा दुहेरी कॉइलचा पिकअप. मोठ्या आवाजात शिट्टी वाजू नये म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडवला आणि थेट लाकडात स्क्रूने आवळला. गिब्सनच्या तारा जरा जवळजवळ असतात, म्हणून पिकअप किंचित तिरपा बसवला. नॉब एकच, त्यावर ‘टोन’ लिहिलेलं, काम मात्र व्हॉल्यूमचं! तारा अर्ध्या सुराने उतरवलेल्या. सोबत एमएक्सआर कंपनीचं फेज ९० हे सूर लहरता करणारं पेडल आणि टेपवरून प्रतिध्वनी देणारा एको.

आपल्या २३० व्होल्टवर हेच प्रमाण १७० च्या जवळ येतं. व्होल्टेज उतरवलं की व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे त्यातून वाहणारा प्रवाह ठरवणारी मांडणी, बदलतो; तो जाणकार टेक्निशियनकडूनच लावून घ्या. अँपच्या पोटात चारशेच्या वर व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात.

आता एकच फ्रेज दोनदा ऐका. आधी २३० वर, मग १७० वर. हात, पिक, माइक, नॉब सगळं तेच.

(दोन्ही तुकडे सलग, निवेदन नाही)