जकात उठल्यानंतर

(पुण्यातल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

तुमच्यापैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना शेवाळवाडीचा जकात नाका नक्की आठवत असेल. सोलापूर रस्त्यावर ट्रकांची रांग, हातात बिलटी घेऊन उभे असलेले ड्रायव्हर आणि आत टोमॅटोला सुटलेलं पाणी. 1 एप्रिल 2013ला पुण्याची जकात गेली. 1 जुलै 2017ला जीएसटी आला. माल सुटला, पण आपल्या फरसाणवाल्याच्या शेजारी इंदूरची शेव येऊन बसली, तीही त्याच भावात. सामाईक बाजारपेठ म्हटलं की एवढं चित्र डोळ्यासमोर आणा. फरक इतकाच, की तिथे नाका दोन देशांमधला असतो आणि तो उठताना नियमही सगळ्यांना एकच लागू होतो.

हा नियमाचा भाग आपल्याकडे फार कमी बोलला जातो. चर्चा होते ती आयातशुल्काची. माझ्या मते खाद्यउद्योगाचं भवितव्य शुल्कापेक्षा नियम ठरवतो, आणि तेही बाजारात शिरण्याच्या आधीच ठरून जातं.

पोलंडचं पाहा. 1 मे 2004ला आणखी नऊ देशांबरोबर तो युरोपीय संघात गेला. त्या वर्षी त्याची कृषी आणि खाद्यपदार्थांची निर्यात 5 अब्ज युरोंच्या आसपास होती. 2023मध्ये ती 50 अब्जांच्या पुढे गेली. कोंबडीच्या मांसात आणि सफरचंदात तो आज संघात पहिला आहे. मजुरी स्वस्त होती आणि जर्मनीची बाजारपेठ शेजारीच होती, हे खरं. पण प्रवेशाच्या आधीपासूनच, संघाच्या ‘सापार्ड’ नावाच्या योजनेतून, कत्तलखाने आणि डेअऱ्या सुधारायला पैसा मिळत होता, हेही तितकंच खरं. आणि आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या डेअऱ्या, म्लेकोविता आणि म्लेकपोल, सहकारी आहेत.

आता दुधाचा नियम सांगतो, कारण सगळी गोम त्यात आहे. संघात कच्च्या गाईच्या दुधात एका मिलिलिटरमागे जिवाणू सरासरी 1 लाखाच्या वर चालत नाहीत आणि सोमॅटिक पेशी 4 लाखांच्या वर चालत नाहीत. या पेशी वाढल्या की गाईच्या कासेला दाह झाला आहे असं समजायचं.

गेल्या हिवाळ्यात शिरूर तालुक्यातल्या एका संकलन केंद्रावर मी पहाटे सहाला उभा होतो. एक बाई किटलीत चार लिटर दूध घेऊन आल्या. केंद्रावरच्या पोराने नमुना यंत्राखाली धरला. फॅट 3.8, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, 8.5, चिठ्ठी बाहेर आली. दूध कॅनमध्ये ओतलं गेलं आणि कॅन टेम्पोची वाट पाहत राहिला. टेम्पो आला सव्वाआठला. कोमट दुधात जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. चिठ्ठीवर त्याचा रकानाच नव्हता. बाईंनी धार काढण्याआधी कास धुतली होती, भांडं स्वच्छ घासलं होतं. त्यांच्याकडून काहीही कमी नव्हतं. कमी होता तो गावातला बल्क कूलर, म्हणजे दूध जागच्या जागी थंड करणारी टाकी.

पोलंडमध्ये हे कूलर बसले, तसे दोन-चार गाईंचे हजारो गोठे बंदही झाले. देशाची निर्यात वाढली हे खरं असताना एखाद्या घरची गाय विकली गेली हेही खरं असतं. या दुसऱ्या खऱ्याकडे अर्थशास्त्राने पाठ फिरवू नये असं मला मनापासून वाटतं.

पोलंडबरोबरच संघात गेलेल्या हंगेरीचं उलट झालं. खाद्यप्रक्रियेत जुना, नावाजलेला देश. 2004नंतर बाहेरचे प्रक्रिया केलेले पदार्थ दुकानांच्या फळ्यांवर आले आणि हंगेरीतून बाहेर जाऊ लागलं ते मुख्यतः धान्य आणि तेलबिया. म्हणजे कच्चा माल द्यायचा आणि पक्का विकत घ्यायचा. साखरेचं तर ऐकवत नाही. साम्यवादी राजवट संपली तेव्हा तिथे 12 साखर कारखाने होते. खासगीकरणात ते परदेशी मालकांकडे गेले. 2006मध्ये संघाने साखरेचा कोटा, म्हणजे ठरवून दिलेला उत्पादनाचा वाटा, सोडणाऱ्यांना भरपाई देऊ केली, आणि बाहेरच्या मालकाला उरलेले कारखानेही एक एक करून बंद करणं परवडलं. आज कापोश्वारचा एकच कारखाना उरला आहे. बीट पिकवणारा शेतकरी त्या निर्णयाच्या खोलीत नव्हता. आपल्याकडचे सहकारी कारखाने सभासदांचे आहेत, त्यांचे हजार दोष मान्य करूनही हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आणि बाजारात न शिरताही हा नियम आपल्याला गाठतो. 2010 साली आपली द्राक्षं रॉटरडॅमला अडकली. कारण क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात ते. वेलीची शेंडावाढ रोखायला आपल्याकडे ते सर्रास वापरत होते, पण आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. त्या हंगामात नारायणगाव, नाशिककडच्या घरांत काय गेलं हे मी जवळून पाहिलं आहे. पुढे यादी वाढली. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं यातलं काम पुणेकरांनी जाऊन पाहावं. इथून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे.

नोव्हेंबर 2019मध्ये भारत आरसेपमधून, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून, बाहेर पडला. न्यूझीलंडसारखा जवळजवळ सगळं दूध निर्यातीसाठीच काढणारा देश समोर असताना ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. पण दार लावून मिळालेला वेळ शिरूरच्या त्या केंद्रावर खर्च व्हायला हवा होता. मी गेल्या महिन्यात पुन्हा जाऊन आलो. कूलर आला आहे, पाचशे लिटरचा. पहाटे चार ते सात वीज नसते आणि जनरेटरचं डिझेल कोणी भरायचं, यावर गावात अजून बैठका चालू आहेत.