वक्र छतावर सरळ खांब

रोममधलं संत इग्नेशियसचं चर्च. मधल्या दालनाच्या फरशीत एक गोल संगमरवरी चकती बसवलेली आहे. तिच्यावर उभं राहून मान वर केली, की भिंती छतापाशी थांबतच नाहीत. खांब आणि कमानी आणखी वर चढत जातात, आणि माथ्यावर उघडं आकाश. प्रत्यक्षात तिथे आहे फक्त कमानदार छत आणि चुन्याचा गिलावा. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे बंधू (दीक्षित पाद्री नसलेले सदस्य) आंद्रेआ पोझ्झो यांनी हे चित्र १६९४ मध्ये पूर्ण केलं.

खरी अडचण होती छताच्या गोलाईची. कागदावरची सरळ रेघ मापं घेऊन तशीच वर उतरवली, तर खालून खांब वाकलेला दिसतो. तो ताठ दिसावा, तर छतावर वाकडाच काढायला हवा. पण नेमका किती वाकडा?

पोझ्झोंनी ही रीत आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. आधी आराखड्यावर चौकोन आखायचे. मग छताची गोलाई जिथे सुरू होते, त्या उंचीवर तितक्याच चौकोनांची दोऱ्यांची जाळी आडवी ताणायची. खाली प्रेक्षकाचा डोळा जिथे येईल, तिथून एक दोरी जाळीच्या गाठीला लावून सरळ छतापर्यंत न्यायची आणि टेकेल तिथे खूण करायची. असं प्रत्येक गाठीसाठी. रात्री डोळ्याच्या जागी दिवा ठेवला, तर जाळीची सावलीच छतावर पडते; पण एवढ्या उंचीवर ती पुसट होते, म्हणून दोरी. खुणा जोडल्या की छतावर ताणलेले, वाकलेले चौकोन मिळतात, आणि आराखडा त्यांत घरागणिक भरायचा. मधेच डोळ्याची जागा हलली, तर एकच खांब दोन दिशांना जातो.

पुढचं काम घड्याळाशी बांधलेलं. ओल्या गिलाव्यावर रंग लावला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना घट्ट होतो आणि रंग त्यात अडकतो. म्हणून बारीक गिलाव्याचा शेवटचा थर त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच द्यायचा. उशीर झाला, तर रंग वरवर बसतो आणि पुढे भुकटी होऊन झडतो. शिशापासून केलेला पांढरा रंग इथे काळवंडतो. पांढऱ्यासाठी चुनाच वापरायचा. ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, हा हिशेब रंग कालवतानाच करावा लागतो.

चकतीवरून बाजूला सरकलं, की खांब कलू लागतात. पोझ्झोंनी हे जाणूनबुजून पत्करलं. पाहण्याचे अनेक बिंदू धरले असते, तर कुठूनच सगळी वास्तू एकसंध दिसली नसती. आम्हाला हा निर्णय धाडसी आणि योग्य वाटतो.

याच चर्चमध्ये खरा घुमट बांधलाच गेला नाही. त्या जागी १६८५ मध्ये त्यांनी कॅनव्हासवर रंगवलेला घुमट बसवला. त्याच्यासाठी फरशीवर वेगळी खूण आहे. तो दाराकडून वेदीकडे चालत येताना पाहावा. वेदीकडून मागे वळून पाहिलं, तर तो एका बाजूला कोसळल्यासारखा दिसतो.