डिलीट दाबलं आणि पडदा काळा

मित्रांनो, आपण सोलापूरकर जकार्डच्या मागांचा आवाज ऐकत वाढलो. जकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारा माग. चादरीच्या नक्षीत एक धागा चुकला म्हणून कुठलाही विणकर माग विकायला काढत नाही. आधी तो बघतो, कार्डावरचं भोकच चुकलंय, की भोक बरोबर आहे आणि सुई अडकलीय. कापडावर चूक एकच दिसते, दुरुस्ती मात्र दोन ठिकाणची असते. आजचा बिघाड तसाच आहे. कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबलं की बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रामचा, सेटअप यायला हवा, तो येत नाही. आणि आपल्या बाजारात लगेच निकाल लागतो, ‘बोर्ड गेलं,’ म्हणजे मदरबोर्ड.

हा निकाल मला मनापासून खटकतो. विंडोज नीट चालू होत असेल तर बायोसनं आपलं काम केलेलंच आहे, कारण त्यानं हातात हात दिल्याशिवाय विंडोज उभंच राहत नाही. (हल्लीच्या मशीनमध्ये असतं ते यूईएफआय, पण बोलताना आपण सगळे बायोसच म्हणतो, मीही तेच म्हणेन.) म्हणून पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: सेटअप उघडत नाही, की उघडतो पण दिसत नाही?

पूर्व भागात एक टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या डिझाइनच्या मशीनला नवी एसएसडी बसवून पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचं होतं, त्यासाठी सेटअपमध्ये जायचं होतं. डिलीट दाबलं की पडदा काळा. काही न दाबता सोडलं तर जुनं विंडोज व्यवस्थित. एका दुकानानं बोर्ड बदलायला सांगितलं होतं आणि मालक पैसे काढायच्या तयारीत होते. मी म्हटलं, ‘अण्णा, दहा मिनिटं द्या.’

मशीन चालू केलं, डिलीट दाबत राहिलो, पडदा काळा झाला. मग कीबोर्डवरचं नम-लॉक दाबलं, तर दिवा लागत-विझत होता. म्हणजे मशीन अडकलेलं नव्हतं. मग एफ-टेन आणि एंटर. बहुतेक बोर्डांवर एफ-टेन म्हणजे ‘सेव्ह करून बाहेर पड’. मशीन लगेच रीस्टार्ट झालं. सेटअप उघडलेला होता, आम्हालाच दिसत नव्हता! एक काळजी घ्या, अंधारात बाणाच्या कळा दाबू नका. नकळत काही बदललं गेलं तर एफ-टेन तेही सेव्ह करेल.

आता चित्र गेलं कुठे? सीपीयूच्या मागे वाकून बघितलं. ग्राफिक्स कार्डातून दोन केबली निघत होत्या. एक टेबलावरच्या मॉनिटरला, दुसरी भिंतीमागून पलीकडच्या खोलीत, गिऱ्हाइकांना डिझाइन दाखवायच्या टीव्हीला. विंडोज आपल्या ड्रायव्हरच्या जोरावर दोन्ही पडदे सांभाळतं. बायोसला तेवढं जमेलच असं नाही. पुष्कळदा ते एकच पडदा निवडतं, आणि इथे टीव्ही निवडला होता. टीव्ही रिमोटनं बंद केलेला असला तरी केबलच्या टोकाला कुणीतरी आहे एवढं कार्डाला कळतं. एचडीएमआयची ती केबल काढली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि सेटअप टेबलावर हजर. खर्च शून्य. अण्णांच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मी बघितला. त्या दिवसापासून मी पेचकस काढण्याआधी मागच्या केबली मोजतो.

‘दिसत नाही’च्या घरात आणखी दोन जण राहतात. काही मॉनिटर झोपेतून उठायला इतका वेळ घेतात की तोवर सुरुवातीची सूचना निघून गेलेली असते. मॉनिटर आधी चालू करून ठेवा. दुसरं म्हणजे नव्या बोर्डावर जुनं ग्राफिक्स कार्ड. यूईएफआयला सेटअप दाखवायला कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये जीओपी नावाचा छोटा प्रोग्राम लागतो, तो जुन्या कार्डांत नसतो. सीएसएम ही जुन्या बायोसच्या पद्धतीनं चालवायची सोय चालू असेपर्यंत निभावतं, ती बंद केली की काळोख. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढा, बोर्डावरच्या पोर्टला मॉनिटर जोडा आणि सेटअप गाठा. पण इंटेल प्रोसेसरच्या आकड्याच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. बोर्डावरचं पोर्ट कितीही नवं दिसलं तरी तिथून काही येणार नाही. मग चालणारं दुसरं कार्ड मागून आणा.

आता सेटअप खरोखरच उघडत नाही तेव्हा. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो. बायोसमध्येही फास्ट बूट असेल तर यूएसबी कीबोर्ड जागा होण्याआधीच गाडी पुढे गेलेली असते. तुम्ही डिलीट कितीही बडवा, ऐकणारं कुणी नसतं. म्हणून विंडोजमधूनच जा: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. तो पर्याय दिसलाच नाही तर विंडोज बहुधा जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलेलं आहे. मग वायरचा कीबोर्ड घ्या आणि तो हबला किंवा पुढच्या पोर्टला न लावता थेट मागे बोर्डावर लावा. ब्लूटूथ कीबोर्ड इथे सहसा कामाचा नाही.

एवढ्यानं जमलं नाही तरच सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसणं. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना जोडा, किंवा नाण्याएवढा सीआर 2032 सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबा. तो सेल तीन व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर अडीचच्या आसपास आला की बदलून टाका. आपल्याकडे कारखान्यात रात्री मेन स्विच पाडायची पद्धत आहे. ती योग्यच, पण भिंतीवरून वीज येत असेपर्यंत बोर्डावरचं घड्याळ त्या विजेवर चालतं, स्विच पाडला की सगळा भार सेलवर. म्हणून आपल्या भागातले सेल लवकर उतरतात, आणि सकाळी तारीख भलतीच दिसते.

सीमॉस क्लिअर करण्याआधी मात्र गिऱ्हाइकाला बिटलॉकरबद्दल, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीबद्दल, विचारा. लॅपटॉपवर ते मालकाला न कळताही चालू असू शकतं. सेटिंग उडालं की विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागेल. ती हाती नसेल तर दहा वर्षांची डिझाइनं आतच राहतील, आणि ती परत आणणं तुमच्या-माझ्या हातात नाही. मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आधी शोधा, कागदावर उतरवा, मगच सेलला हात लावा.

समोरच्या टेबलावर मशीन आहे. त्याला दोन मॉनिटर जोडलेत, एक मुद्दाम बंद ठेवलाय. दोघं-दोघं पुढे या. कुणी काय दाबलं ते शेजारच्यानं वहीत लिहायचं. पेचकस मी माझ्याकडेच ठेवतोय.